चव आणि नाव



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांच्या भुवया वर गेल्या असतील. धानाच्या आणि तलावांच्या या जिल्ह्यात द्राक्षाच्या तांबड्या वाइनची चव हा विषय आला कोठून? आपल्याकडे पाऊस भरपूर, बांधीत पाणी तुंबवून धान लावावयाचे. आणि द्राक्षाच्या वेलीला तर मुळाशी साचलेले पाणी मुळीच खपत नाही. तेव्हा भंडाऱ्यात द्राक्षाचे मळे फुलवा असे सांगण्यासाठी मी उभा नाही.

दुसरी शंका याहून गंभीर आहे, आणि ती प्रथमच निकालात काढलेली बरी. आपल्या विदर्भात वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत लोकांनी चळवळ करून ती 1993 मध्ये मिळविली. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. या बंदीमागे हजारो आयाबहिणींनी सोसलेले हाल आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट म्हटले की, प्रकृतीला मुळीच अपाय होणार नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण दाखविता येत नाही. म्हणून ज्याने आजवर पेला हाती धरला नाही त्याने माझे भाषण ऐकून तो धरावा, असे मी म्हणणार नाही. माझा विषय पिणे हा नाही, चाखणे हा आहे. पिणारा गिळतो, चाखणारा थांबतो. जगात ज्यांचा धंदाच वाइन चाखण्याचा आहे ते दिवसाकाठी कित्येक नमुने तोंडात घेतात आणि शेजारी ठेवलेल्या भांड्यात थुंकून टाकतात, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

मग मला सांगावयाचे आहे ते काय? ते एवढेच, की नाव आपल्या जिभेला फसविते, आणि नाव क्षणभर झाकून चव घेतली तर तीच जीभ खरे नाव शोधून देते. हे दाखविण्यास वाइनसारखे दुसरे उदाहरण नाही. कारण चवीचा इतका बारीक अभ्यास माणसाने क्वचितच दुसऱ्या कोणत्या पदार्थाचा केला असेल.

आपल्या राज्यातले उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्यात नीरेकाठी अकलूज आहे. ऊस आणि साखर कारखाना यांमुळे ते गाव आपल्याला ठाऊक असते. या शतकाच्या पहिल्या दशकात त्या परिसरात वाइनच्या द्राक्षांचे मळे लावले गेले. दोन भाऊ इटलीचे, दोन दिल्लीचे आणि दोन अकलूजचे अशा तीन भावांच्या जोड्यांनी मिळून ही कंपनी काढली, आणि नावही तसेच ठेविले : ‘फ्रातेल्ली’. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘भाऊ’. वाइन करण्याचे काम त्यांनी इटलीच्या तोस्काना प्रांतातील पिएरो मासी या जाणकारावर सोपविले. त्यांनी लावलेल्या जातींत एक होती सांजोव्हेझे.

इटलीत ही जात घरोघर माहीत आहे. क्यांती नावाची प्रसिद्ध वाइन मुख्यतः हिचीच होते. तिच्या नावाची व्युत्पत्ती ‘जोव्ह देवाचे रक्त’ अशी सांगतात. जोव्ह म्हणजे रोमन लोकांचा ज्युपिटर. आपल्या इंद्राचा भाऊबंद म्हणा. परंतु आपल्याकडे वाइन घेणाऱ्यांनाही कॅबर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझ ही नावे ठाऊक असतात, सांजोव्हेझे हे नाव ऐकलेले नसते. अकलूजच्या या कंपनीने केवळ सांजोव्हेझेची वाइन काढली, आणि ‘सेट्टे’ या वाइनमध्ये तिचा कॅबर्ने सोव्हिन्योंशी संगम केला.

अनोळखी जात का लावावी? याचे उत्तर उष्णतेत आहे. द्राक्षाचा मणी पिकू लागला की त्यात साखर वाढते आणि आंबटपणा घटतो. रात्र गरम असेल तर हा आंबटपणा फार लवकर जळून जातो. आंबटपणा गेलेली वाइन कशी लागते? मीठ न घातलेल्या वरणासारखी, सपक. म्हणून ऊन सोसूनही अंगातली आंबट धार टिकवून ठेवणारी जात उष्ण देशात उपयोगी पडते, आणि सांजोव्हेझेचा तो मुख्य गुण आहे. आपल्या बागायतदारांनी याला आणखी एक तोड काढली आहे. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून त्याची दोनदा छाटणी करितात : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. त्यामुळे घड पिकतात ते थंडीत आणि थंडी सरताना, रात्री गार असतात तेव्हा. युरोपात द्राक्षांची तोडणी शरदात होते, आपल्याकडे ती होळीच्या आधी आटोपते.

आता वाइन तांबडी कशी होते ते पाहू, कारण चवीचे अर्धे रहस्य त्यात आहे. काळ्या द्राक्षाचा मणी चिरडला तर रस निघतो तो बहुधा पांढुरकाच. रंग असतो सालीत. रसात शेकडा 22 ते 24 साखर झाली की घड तोडतात, देठ काढतात, मणी फोडतात, आणि रस, साल, बिया असे सगळे एकत्र आंबवावयास ठेवतात. किण्व साखर खातात, तिचा मद्यार्क करितात आणि कर्बवायू बाहेर सोडतात. आंबविण्याचे काम सजीव सूक्ष्म किण्व करतात हे पाश्चरने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केले. तो वायू साली वर ढकलतो आणि रसावर जाड थर धरतो. तो थर पुन्हापुन्हा खाली दाबावा लागतो, म्हणजे सालीतला रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. साल आधीच बाजूला काढली तर काय होईल? त्याच काळ्या द्राक्षाची पांढरी वाइन होईल. अकलूजकरांनी तेही करून दाखविले आहे. सांजोव्हेझेचीच पांढरी वाइन ‘बियांको’ या नावाने त्यांनी काढली. जात तीच, वेल तोच, पण डोळ्यांना दिसणारी वस्तू वेगळी.

आता चाखण्याच्या पायऱ्या. पेला तिसरा हिस्सा भरावा आणि पांढऱ्या कागदावर तिरपा धरून पाहावा. सांजोव्हेझेचा रंग फार गडद नसतो. पेल्यातून पलीकडचे अक्षर अंधूक दिसू शकते. वय वाढले की काठाशी विटेसारखी झाक येते. मग पेला हलकेच फिरवून नाकाशी धरावा. येथे उन्हाची आठवण ठेवावी लागते. आपल्या वैशाखात खोलीतला पारा चाळिशीच्या वर जातो. तेवढ्या उष्णतेत मद्यार्काची वाफच आधी नाकात शिरते आणि बाकी सारे वास बुजतात. तांबडी वाइन 16 ते 18 अंशांवर चाखावी असे जाणकार सांगतात, म्हणजे आपल्याकडे ती थोडी गार केल्यावाचून गत्यंतर नाही.

सांजोव्हेझेचा वास पाश्चात्य लेखक आंबट चेरीचा सांगतात. ही चेरी आपल्यापैकी किती जणांनी खाल्ली आहे? येथेच आपली पहिली अडचण होते. पुस्तकात चेरी, प्लम, ब्लॅकबेरी अशी नावे वाचावयाची आणि ती न ओळखता मान डोलवावयाची, ही काही चव घेणे झाली नाही. आपण आपल्या अनुभवातील शब्द शोधावे. वाइन जुनी असेल तर वाळलेल्या पानांचा, ओल्या मातीचा वास येतो. आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर येणारा तो वास भंडाऱ्याच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. बुच बिघडले असेल तर वास कुबट येतो, पावसाळ्यात पेटीत राहिलेल्या कपड्यांसारखा. हवा लागून बिघडली असेल तर ती शिरक्यासारखी होते. कुबट, खवट, बुरसट, धुरकट, करपट, खमंग, उग्र : किती शब्द आहेत पाहा! भाषा आपल्यापाशी आहे; तिला पेल्यापाशी नेण्याचे तेवढे राहिले आहे.

वासानंतर घोट. तो लगेच गिळू नये. तोंडात फिरवावा, जरा हवा आत ओढावी. तोंडातून मागच्या वाटेने वास पुन्हा नाकाकडे चढतो; आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा वासच असतो. सर्दी झाली म्हणजे जेवण मिळमिळीत का लागते ते यावरून कळेल. जिभेच्या टोकाला गोड कळते, मागे कडू कळते, असा जिभेचा नकाशा आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केला असेल. तो नकाशा चुकीचा ठरला आहे. जिभेच्या सर्व भागांना सर्व रस कळतात.

सांजोव्हेझेत पहिल्याने जाणवते ती आंबट धार. तोंडाला पाणी सुटते. आणि मागून येतो तो तुरटपणा. हिरड्या कोरड्या पडतात, जीभ खरखरीत वाटते. सालीतली आणि बियांतली तुरट द्रव्ये लाळेतील प्रथिनांना जाऊन चिकटतात, आणि लाळेचा गुळगुळीतपणा नाहीसा होतो. इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला ही तुरटपणाची कल्पना समजावून द्यावी लागते. आपल्याकडे कच्चे टेंभर किंवा बाभळीची काडी चावलेल्या पोराला ती उपजत ठाऊक असते. जांभळे खाऊन जीभ जांभळी झाली आणि घसा आवळला, हा अनुभव कोणाला नाही? आपल्या वैद्यकाने तर मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त यांच्या पंक्तीला कषाय हा सहावा रस बसविलाच आहे. आजचे शास्त्रज्ञ तुरटपणाला रस मानण्याऐवजी स्पर्श मानतात. तो वाद विद्वानांनी करावा. आपल्यापुरते एवढे पुरे, की तांबड्या वाइनचा जो गुण परदेशी माणसाला मुद्दाम शिकावा लागतो, त्यासाठी आपल्या शास्त्रात हजारो वर्षे जागा राखून ठेवलेली आहे. आणि आंबविलेल्या द्राक्षाचे म्हणाल, तर द्राक्षासवाची बाटली गावातल्या कोणत्याही आयुर्वेदीय औषधालयाच्या फळीवर दिसेल. चरकाने चौऱ्यायशी प्रकारची आसवे सांगितली आहेत.

एक व्यवहाराची सूचना येथेच करून ठेवितो. तुरटपणा आणि मद्यार्क यांचे मिरचीशी पटत नाही. तिखटाची आग त्याने अधिकच भडकते. तेव्हा सावजी रश्श्यासमोर कोणी ही वाइन ठेवली आणि ती बोचली, तर दोष वाइनचाही नाही आणि रश्श्याचाही नाही.

असो. आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इतका बारकाईने चाखणारा माणूसही नावाने फसतो. फ्रान्समधील बोर्दो येथे झालेला आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वाइनविद्या शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, पण तिच्यात गंध नसलेला तांबडा रंग मिसळून. त्यांनी तिचे वर्णन केले ते तांबड्या वाइनच्या शब्दांत! नाक तेच, पण डोळ्यांनी त्याला आधीच नाव सांगून ठेविले होते. म्हणूनच कसोटीच्या वेळी बाटली झाकून ठेवण्याची पद्धत आहे. ती पद्धत मोठ्या किमतीच्या बाटलीचा तोरा उतरविते आणि साध्या बाटलीला न्याय देते.

नावाची भूल एका माणसापुरती असते असेही नाही. ती साऱ्या देशाला पडू शकते. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधून द्राक्षाच्या काड्या नेल्या. त्यानंतर 1860 च्या पुढे युरोपातील मळ्यांवर फायलोक्झेरा या मुळे खाणाऱ्या किडीची धाड आली आणि कार्मेनेर नावाची बोर्दोची एक जुनी जात जवळजवळ नाहीशी झाली. ती गेली असेच लोक समजून चालले. इकडे चिलीत मेर्लो नावाच्या द्राक्षाचे मोठमोठे मळे होते. त्यांतल्या काही वेली उशिरा पिकत, आणि त्यांच्या वाइनची चव जरा निराळी लागे. लोक म्हणत, हा आमच्या चिलीचा खास मेर्लो! 1994 मध्ये झाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच वनस्पतिज्ञ तेथे गेले. त्यांनी वेली निरखून सांगितले, की हा मेर्लो नव्हे, ही तुमची हरवलेली कार्मेनेर आहे. शंभराहून अधिक वर्षे ती जात परक्या नावाखाली उभी होती. चव रोज तोंडात येत होती. पण बाटलीवर मेर्लो लिहिलेले असल्यामुळे त्या चवीची साक्ष कोणी मनावर घेतली नाही.

श्रोतेहो, ही गोष्ट चिलीची आहे खरी, पण ती ऐकताना मला आपल्या जंगलातला एक वृक्ष दिसतो. तो वृक्ष मोहाचा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याची फुले टपटप गळतात, आणि उजाडताच बायामुले टोपल्या घेऊन झाडाखाली बसतात. ते मांसल, गोड फूल वाळवून वर्षभर ठेविता येते. ते शिजवून खातात, भाजून खातात, त्याचे लाडू करितात, गुराला घालतात. टंचाईच्या दिवसांत त्याने कित्येक घरे जगविली. फळाच्या बीचे तेल निघते. म्हणजे हे झाड मुळात अन्नाचे झाड आहे. परंतु त्याला नाव काय चिकटले? दारूचे झाड! मुंबई इलाख्यात 1892 मध्ये इंग्रज सरकारने मोहाच्या फुलांविषयी खास कायदा केला आणि ठाणे-कुलाब्याकडे ती फुले गोळा करण्या-बाळगण्यावर बंधने घातली. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवर नजर ठेविली. 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने फुले गोळा करणे, साठविणे आणि वाहून नेणे यांवरील निर्बंध सैल केले. इतका काळ टोपलीभर अन्न घेऊन चाललेल्या बाईला पोलिसाची भीती बाळगावी लागली, ती एका नावापायी.

या उलट दुसरेही घडते. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरविले, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे म्हणणारे निघाले, आणि त्यावर मोठे वादळ उठले. मला विचाराल तर हाही नावाचाच खेळ होता. सांजोव्हेझेच्या वाइनमध्ये शेकडा 12 ते 14 मद्यार्क असतो. परदेशी नाव आणि उंच पेला यांमुळे तो मद्यार्क निर्दोष होत नाही. आणि मोहाच्या फुलात, ते नुसते वाळलेले असताना, मद्यार्काचा थेंबही नसतो. पेल्यातल्या वस्तूला प्रतिष्ठा आणि टोपलीतल्या वस्तूला संशय, हा आपला न्याय. आणि तो करताना आपण दोहोंपैकी एकाचीही चव घेतलेली नसते. पलीकडच्या मध्य प्रदेशाने तर मोहाच्या मद्यालाच ‘वारसा मद्य’ असे नवे नाव देऊन बाजारात आणले आहे. ते योग्य की अयोग्य याबद्दल मतभेद होतील, आणि गडचिरोलीच्या बायकांचा अनुभव ज्यांनी पाहिला ते सहज मान डोलावणार नाहीत. पण नाव बदलताच नजर कशी बदलते, हे त्यावरून दिसतेच.

तेव्हा सांजोव्हेझेपासून आपण शिकावे ते हे. इटलीच्या माणसाने एका द्राक्षाकडे इतके लक्ष दिले की जात, जमीन, वर्ष, छाटणी, साल आंबविण्याचे दिवस, यांतले काय बदलले तर चवीत काय बदलेल हे तो सांगू शकतो. त्या लक्षामुळेच ती जात सातासमुद्रांपलीकडे नीरेच्या काठी येऊन रुजली. तेच लक्ष आपण आपल्या ताटाला द्यावे. आपल्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण बाजारात चिन्नोर म्हणून मिळणारा प्रत्येक दाणा चिन्नोरच असतो काय? हे पोत्यावरच्या अक्षरांवरून कळावयाचे नाही. पातेल्यावरचे झाकण काढल्यावर जो वास घरभर पसरतो त्यावरून ते कळेल, आणि तो वास ओळखणारी नाके घराघरांत जिवंत राहिली तरच कळेल. ज्या दिवशी तो वास कोणाला आठवेनासा होईल, त्या दिवशी चिन्नोरची कार्मेनेर झालीच म्हणून समजा. शेतात असेल, पण दुसऱ्याच्या नावाने. आणि तिला हाक मारावयास बुर्सिको दरवेळी येत नाही.

एक साधा प्रयोग सुचवितो आणि थांबतो. त्याला मद्य लागत नाही. उन्हाळा आहे, जांभळांचे दिवस जवळ आले आहेत. दोन-तीन झाडांची जांभळे निरनिराळ्या वाट्यांत ठेवा, मुलांचे डोळे बांधा, आणि कोणते गोड, कोणते आंबूस, कोणते तुरट ते त्यांच्या शब्दांत सांगू द्या. तेच तीन प्रकारच्या भातावर करा, मोहाच्या लाडवावर करा. मुले चुकतील, चुकू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ती बरोबर सांगू लागतील, आणि कदाचित आपल्याला ठाऊक नसलेला एखादा शब्दही आजीकडून विचारून आणतील. चवीची शाळा अशीच भरते.